कणाला कळतं का, कुणी बघतंय ते?

खाडीकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात एक व्हिडिओ दाखवला. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींकडे सोडले, तर पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला ते बघायला गेलं की पट्टे गायब. व्हिडिओत फटीशेजारी एक भला मोठा डोळा काढला होता. वर्गातली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, कणाला कळतं का कुणी बघतंय ते?"

मी उद्या सांगतो म्हटलं. घरी आल्यावर दोन रात्री वाचत बसलो आणि तिथून एन्टँगलमेंटमध्ये जाऊन पडलो. दोन कण, एक इथे आणि एक हजार किलोमीटरवर, एकाला मोजलं की दुसऱ्याचं ठरतं. आता तर जास्तच गोंधळलोय.

त्यात भर म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या हॉलमध्ये एक वक्ते येऊन गेले. 'तुमच्या नजरेने विश्व बदलतं हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय' असं सांगून त्यांनी अडीच हजाराला एकेक लॉकेट विकलं. वर्गातल्या दोन पोरांच्या गळ्यात ते आहे. त्या मुलीला खरं उत्तर द्यायचंय. मदत करा.

बांगडाफ्राय

मास्तरांनु, चेडवाचो प्रश्न भारी आसा. आमच्या आवाटात म्हातारी खिडकेत बसली काय सगळी सरळ चलतत. ह्योच तो निरीक्षणाचो परिणाम.

देवगडची_पेटी

एन्टँगलमेंटचा एवढा बाऊ कशाला करतात मला कळत नाही. मी दोन पेट्या भरल्या, एकीत हापूस, एकीत पायरी. वरून दोन्ही सारख्या. डोळे मिटून एक मुंबईला पाठवली, एक कोल्हापूरला. मुंबईच्या गिऱ्हाइकाने पेटी उघडली, हापूस निघाला, त्याला त्याच क्षणी कळलं की कोल्हापूरला पायरी गेली. यात गूढ काय आहे? पेटीत जे होतं ते आधीपासूनच होतं.

वेळणेश्वरी

@देवगडची_पेटी, दादा, मलाही हेच वाटत होतं. उदाहरण एकदम पटलं.

मास्तर, बघण्याच्या परिणामाचं माझ्याकडे रोजचं उदाहरण आहे. दुधाकडे बघत उभं राहिलं की ते उतू जात नाही. पाठ वळवली की गेलंच.

निशिगंध

माझं शिक्षण भौतिकशास्त्रात झालं. रत्नागिरीची आहे, सध्या पुण्यात. धागा बघून राहवलं नाही.

वेळणेश्वरीताई, तुमच्या दुधाचं खरंखुरं शास्त्र आहे! बैद्यनाथ मिश्रा आणि जॉर्ज सुदर्शन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवलं की क्वांटम स्थिती, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या कणाची त्या क्षणाची अवस्था, पुन्हा पुन्हा मोजत राहिलं तर ती बदलायचीच थांबते. सुदर्शन मूळचे केरळचे, तरुणपणी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते. झेनो नावाच्या ग्रीक विचारवंतावरून त्याला क्वांटम झेनो परिणाम म्हणतात. १९९० साली अमेरिकेत बेरिलियमच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंवर, तो प्रत्यक्ष दिसला. दूध मात्र त्याने थांबत नाही, गॅस बारीक करावा लागतो. :)

आता आंब्याच्या पेट्या. दादा, तुम्ही जे म्हणताय तेच आईनस्टाईनचं म्हणणं होतं. १९३५ साली आईनस्टाईन, पोडॉल्स्की आणि रोझेन या तिघांनी निबंध लिहिला. त्याचा गाभा असा: दूरच्या कणाला हात न लावता त्याचं उत्तर आपण खात्रीने सांगू शकतो, म्हणजे ते उत्तर त्याच्यापाशी आधीपासून असलं पाहिजे. क्वांटम सिद्धांत ते सांगत नसेल तर सिद्धांत अपुरा आहे. आईनस्टाईनला हे समजलं नाही असं जे लिहितात त्यांचा मला राग येतो. यातलं अवघड काय आहे ते त्यांनीच सगळ्यांच्या आधी पाहिलं.

पेटीचं उदाहरण कुठे तुटतं ते सविस्तर लिहावं लागेल. रात्री बसते.

हर्णै_बंदर

मी होडीवाला माणूस, शास्त्र शिकलेलो नाही. पण बघण्याबद्दल एक सांगतो. काही रात्री आमच्याकडे पाणी चमकतं. वल्हं मारलं की निळा उजेड. पाणी स्थिर असलं की काळोख. ते चमकणारे जीव पाण्यात आहेत की नाहीत हे कळायला पाणी ढवळावंच लागतं. मला वाटतं कणाचंही तसंच असेल. बघायचं म्हणजे हात लावायचा, आणि हात लावला की बदललं.

निशिगंध

@हर्णै_बंदर, काका, फार सुंदर. १९२७ साली जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्गने जवळपास हेच सांगितलं होतं. इलेक्ट्रॉन बघायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागेल आणि प्रकाशाच्या धक्क्याने तो हलेल.

यातून निम्मं उत्तर मिळतं. 'बघणं' या शब्दात डोळा नाही, मन नाही. काहीतरी कणाशी जाऊन भिडलं पाहिजे. पण उरलेलं निम्मं धक्क्याने सुटत नाही. जोडीतल्या इथल्या कणाला मी धक्का दिला, तिथल्याला कुणीच दिला नाही. तरी तिथलं उत्तर इथल्याशी जुळतं. म्हणून मास्तर एका प्रश्नातून निघाले ते दुसऱ्यात जाऊन पडले.

माडबन_एक्स्प्रेस

म्हणजे एक कण मुंबईत ठेवला, एक गावात, आणि इथून टिचकी मारली की तिकडे निरोप? आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, लगेच दोन पाठवून द्या.

निशिगंध

निरोप जात नाही. का, तेही खाली येईल. पेटीऐवजी दुसरं उदाहरण घेते, आपल्याकडच्या देवळातला कौल. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी हे फक्त 'हो-नाही उत्तर' म्हणून घेतेय, श्रद्धेबद्दल काहीही म्हणायचं नाही.

अशी कल्पना करा. दोन गावं, लांब लांब. रोज सकाळी दोन्हीकडचे गुरव ठरलेल्या तीनपैकी कुठलाही एक प्रश्न विचारतात. पहिला: पाऊस वेळेवर येईल का? दुसरा: आंबा धरेल का? तिसरा: मासळी मिळेल का? कोण कुठला विचारणार हे आधी ठरलेलं नाही, ज्याचा तो ऐनवेळी ठरवतो. वर्षभराने दोघे वह्या घेऊन भेटतात.

वह्यांत पहिली गोष्ट ही दिसते: ज्या दिवशी दोघांनी एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी उत्तर दर वेळी सारखं. एकदाही चूक नाही.

देवगडकर दादा म्हणतील, सोपं आहे, रोज पहाटे दोन्ही देवळांत तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांची एकसारखी यादी ठरलेली असणार. पेटीतला आंबा तो हाच. ठीक. आता ज्या दिवशी दोघांनी वेगवेगळे प्रश्न विचारले ते दिवस बघू. यादीत जागा तीन आणि उत्तरं दोनच, हो किंवा नाही. मग तिघांपैकी निदान दोन उत्तरं सारखी येणारच! 'हो, हो, नाही' घ्या. पहिला-दुसरा जुळले, बाकी दोन जोड्या जुळल्या नाहीत. म्हणजे तीनात एक. 'हो, हो, हो' असेल तर तिन्ही जोड्या जुळतात. यादी कशीही करा, वेगळ्या प्रश्नांच्या दिवशी उत्तरं जुळण्याचं प्रमाण तीनात एकच्या खाली जाऊ शकत नाही. १०० दिवसांत सरासरी ३३ तरी.

आता खरे प्रकाशकण. एका खास स्फटिकात लेसर सोडला की क्वचित एका प्रकाशकणाचे दोन होतात, आणि मांडणी नीट केली तर ते दोन एन्टँगल झालेले असतात. प्रश्न विचारायचा म्हणजे त्याच्या वाटेत पोलरॉइडची काच धरायची (प्रकाशाच्या एकाच दिशेच्या कंपनाला वाट देणारी), ० अंशात, ६० अंशात किंवा १२० अंशात. पार गेला तर हो, अडला तर नाही. दोन्हीकडे एकच कोन असला की उत्तरं कायम सारखी. कोन वेगळे असले की उत्तरं जुळतात १०० त २५ वेळा.

३३ नाही. २५.

म्हणजे यादी नव्हतीच. पेटी उघडण्याआधी आत हापूस आहे की पायरी हे ठरलेलं होतं, असं मानून हा आकडा कुठूनही काढता येत नाही. गुरव खरंच ऐनवेळी ठरवतात असं धरलं तर त्यातून एकच पळवाट उरते, ती म्हणजे एका गावचा प्रश्न दुसऱ्या गावाला गुपचूप कळतो असं मानायचं. हे १९६४ साली जॉन बेलने दाखवलं. माणूस बेलफास्टचा, सर्न या युरोपातल्या संशोधन केंद्रात कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर काम करायचा आणि हा विचार जणू फावल्या वेळात केला. पुढे त्याने आपल्या एका सहकाऱ्याच्या दोन वेगळ्या रंगांच्या मोज्यांवरून हेच समजावलं. एक पाय गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही हे कळतं, त्यात गूढ नाही. कण मोज्यांसारखे नाहीत, हे त्याचं म्हणणं.

मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा कागदावर करून बघितलं तेव्हा हातातलं पेन खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. कुठलंही अवघड गणित नाही. तीन जागा, दोन उत्तरं.

देवगडची_पेटी

वहीत आठही याद्या लिहून बघितल्या. खरंच तीनात एकच्या खाली जात नाही. दोन तास गेले. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो.

सडेतोड

निशिगंध, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. विज्ञान समजावताना कौल कशाला? उद्या तोच लॉकेटवाला म्हणेल, कौल क्वांटम आहे, रत्नागिरीच्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी लिहिलंय.

वेळणेश्वरी

मला तर कौलामुळेच कळलं. आमच्या घरात लग्न ठरवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत कौल घेतलेला मी पाहिलाय. 'हो-नाही' म्हटल्यावर डोळ्यासमोर पाकळी येते. प्रकाशकण येत नाही.

निशिगंध

सडेतोड, तुमची भीती खरी आहे. म्हणून ठळक लिहिते: पाकळी ओली असते, वाऱ्याने, वजनाने पडते, तिच्यात एन्टँगलमेंट नाही. उदाहरण मात्र ठेवते. आपल्या माणसांना आपल्याच ओळखीच्या गोष्टीतून सांगायला हवं, नाहीतर ती जागा लॉकेटवाला घेतो.

माडबन_एक्स्प्रेस

हे कुणी प्रत्यक्ष मोजलंय की कागदावरच? आणि माझ्या रेंजचं काय?

निशिगंध

मोजलंय, पन्नास वर्षं मोजतायत. १९७२ साली बर्कलीत क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशकणांच्या जोड्यांवर. १९८२ साली फ्रान्समध्ये अ‍ॅलन आस्पे यांनी कण वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची सोय केली, म्हणजे गुपचूप कळवायलाही वेळ नको. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर, हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांवर, मुख्य पळवाटा एकाच वेळी बंद करून. २०१७ साली चीनच्या उपग्रहाने १२०० किलोमीटरवरच्या दोन ठिकाणी जोडीतला एकेक कण उतरवला. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना याच कामासाठी मिळालं.

रेंज: एकाच गावातली वही बघा. तिथे निम्मे हो, निम्मे नाही, काहीही क्रम नाही. दुसऱ्या गावच्या गुरवाने कुठला प्रश्न विचारला याने या वहीत टिंबाचाही फरक पडत नाही. आणि आपलं उत्तर हो यावं की नाही, हे कुणाच्याच हातात नाही. म्हणून निरोप पाठवता येत नाही. जुळणी दिसते ती दोन वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वह्या एसटीने आणा की फोनवर वाचा, प्रकाशाच्या वेगापेक्षा लवकर पोचत नाहीत.

बांगडाफ्राय

म्हणजे फोन नाय, चिठी नाय, आधी ठरलेला पण नाय, आणि तरी जुळता? आता रात्री माका झोप येवची नाय.

सडेतोड

एक शंका. गुरव 'ऐनवेळी ठरवतो' म्हणता. पण त्याचं ठरवणंही आधीच कशाने तरी ठरलेलं असेल तर?

निशिगंध

अचूक जागी बोट ठेवलंत, बेलच्या युक्तिवादातली ती खरी उघडी खिडकी आहे. ती कायमची बंद करता येत नाही, पण फार मागे ढकलता येते. २०१८ साली झायलिंगर यांच्या गटाने कुठला कोन लावायचा हे दूरच्या क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांच्या, प्रकाशावरून ठरवलं. एकाचा प्रकाश ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा १२.२ अब्ज. आकडा पुन्हा क्वांटमच्याच बाजूने आला. कुणी कट केला असेल तर पृथ्वी जन्मण्याच्या खूप आधी करावा लागला असता.

हर्णै_बंदर

पोलरॉइड म्हणजे आमचे गॉगल ना? दुपारी पाण्यावर चकाकी असते, साध्या काळ्या काचेने फक्त अंधार होतो. पोलरॉइडने चकाकी जाते आणि पाण्याखालचा खडक दिसतो. मान वाकडी केली की चकाकी परत येते. हे का होतं ते आज विचारतो.

आणि 'गुंता' हा शब्द काही जणांनी एन्टँगलमेंटला वापरलेला वाचला. जाळ्याचा गुंता बसून सोडवता येतो आणि सुटल्यावर प्रत्येक धागा आपापला असतो. तुम्ही सांगता त्यात एकेकट्याचं काही ठरलेलंच नाही. मग गुंता कसा म्हणायचा?

निशिगंध

काका, तुमचा दुसरा परिच्छेद वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे. श्रोडिंगर या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये एन्टँगलमेंट हे नाव दिलं तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं: जोडीबद्दल जे कळण्यासारखं आहे ते सगळं कळलेलं असतं, आणि तरी एकेकट्याबद्दल काहीच पक्कं सांगता येत नाही. मला 'गुंफण' जास्त बरा वाटतो.

गॉगल: पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचं कंपन बरंचसं आडवं असतं. गॉगलची काच उभ्या कंपनाला वाट देते, आडव्याला अडवते. मान वाकडी केली की काचेची दिशा फिरते.

आणि मास्तर, वर्गात करायचा प्रयोग इथेच आहे. पोलरॉइडचे दोन तुकडे एकमेकांवर काटकोनात धरा. काळोख. आता दोघांच्या मध्ये तिसरा तुकडा तिरका, ४५ अंशात सरकवा. उजेड येतो! अडवणारी काच वाढवली आणि उजेड वाढला. काचा आदर्श असतील तर पहिलीतून आलेल्या उजेडाचा चौथा हिस्सा. मधल्या काचेने नुसतं 'तू कसा आहेस' असं विचारलं नाही, पार गेलेल्या प्रत्येक कणाला नवी दिशा दिली. मोजणं म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. प्रकाश ही नुसती लाट आहे असं धरूनही याचं स्पष्टीकरण होतं हे खरं, पण एकेक प्रकाशकण सोडला तरी हेच घडतं.

खाडीकाठचा_मास्तर

तुकडे जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून काढता येतील का? बाजारात कुठे मिळणार?

माडबन_एक्स्प्रेस

येतात. वरची पातळ फिल्म ब्लेडने हळू उचलायची. चिकट राहिलं तर स्पिरिटने पुसा. एका पडद्यातून दोन छोटे तुकडे मिळतात.

वेळणेश्वरी

सगळं वाचलं, पण त्या मुलीचा प्रश्न मागेच राहिला. कणाला कळतं का?

निशिगंध

बरं झालं आठवण केलीत.

नाही, कळत नाही. आणि बघणाऱ्यालाही काही कळावं लागत नाही. ओल्या वाळूवरून कुणी चाललं, पाऊल उमटलं. ते पाऊल बघायला कुणी आलं नाही तरी उमटायचं ते उमटलंच. दोन फटींच्या प्रयोगात 'बघणं' म्हणजे हे पाऊल: कण कुठून गेला याची खूण जगात कुठेतरी राहिली, एवढंच. २००४ साली व्हिएन्नात सत्तर कार्बन अणूंचे रेणू घेऊन हे तपासलं. रेणू थंडसर असताना पट्टे उमटत होते. ते खूप तापवले तसे उडता उडता स्वतःच प्रकाश सोडू लागले आणि त्या प्रकाशातून त्यांची जागा बाहेर फुटू लागली. पट्टे पुसट होत होत गेले. तो प्रकाश कुणी टिपत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. व्हिडिओतला तो डोळा खोडून टाका.

आणि मास्तर, तुमचे दोन प्रश्न इथे एक होतात. खूण राहणं म्हणजे कण आपल्या भोवतालाशी गुंफला जाणं. जे दोन प्रकाशकणांत जपून घडवतात, तेच कण आणि हवा, कण आणि भिंत यांच्यात सतत आपोआप घडत असतं. म्हणून मोठ्या वस्तूंची क्वांटम वागणूक दिसत नाही, आणि म्हणून अनेक क्वांटम संगणकांच्या चिपा उणे २७३ अंशांच्या अगदी जवळ ठेवाव्या लागतात. कोकणातल्या दमट हवेत गळ्यात लोंबणाऱ्या पत्र्यात असली जोड टिकत नाही. त्या दोन पोरांना हे प्रेमाने सांगा, पैसे त्यांच्या आईबापांचे गेलेत.

एक गोष्ट लपवत नाही. अनेक शक्यतांतून नेमकं एकच उत्तर का येतं, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. १९५२ मध्ये बोमने एक चित्र मांडलं, १९५७ मध्ये एव्हरेटने अगदी वेगळं. आकडे तेच येतात, अर्थावर भांडण आहे. हेही मुलीला सांगा. तिला आवडेल.

सडेतोड

हा प्रतिसाद जपून ठेवतोय. कौलाबद्दलचा माझा आक्षेपही मागे.

खाडीकाठचा_मास्तर

आज वर्ग झाला. लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आधी तीन काचा. मधला तुकडा सरकवल्यावर मागच्या बाकावरूनही 'ओ' आला. डोळा खोडला, वाळूतलं पाऊल सांगितलं. गुहागरच्या पोरांना वाळू समजवावी लागत नाही. लॉकेटचा विषय मी काढलाच नाही. मधल्या सुट्टीत एकाने स्वतःहून काढून दप्तरात टाकलं.

मग कौलाचा खेळ. दोघादोघांच्या जोड्या, एक वर्गात, एक व्हरांड्यात. आधी हवी ती यादी ठरवा, मी दोघांना चिठ्ठी काढून प्रश्न देणार. प्रश्न एकच आला तर उत्तर सारखंच हवं, वेगळा आला तर जमेल तितकं कमी जुळवायचं. प्रत्येक जोडीला बरेच डाव दिले. कुणाचंही तीनात एकच्या खाली टिकेना. एकाच जोडीचं खाली जाऊन तिथेच राहिलं, पंचविसाच्या आसपास. दोघी मुली, त्यातली एक तीच प्रश्नवाली. मी खूश झालो, मग शंका आली. विचारल्यावर दोघी हसायला लागल्या. आतलीला कुठला प्रश्न आला ते ती खोकून बाहेरचीला कळवत होती. एकदा, दोनदा, तीनदा.

मी म्हटलं, अगं, बेलने हेच सांगितलंय, यादीने जमणार नाही, खोकावं लागेल.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, कण तर खोकत नाहीत ना?"

निशिगंधताई, तिला तुमच्याशी बोलायचंय. रविवारी संध्याकाळी फोन चालेल का?

निशिगंध

चालेल. पाचनंतर कधीही.